आबासाहेबांचा रकाना

"ताई, हे 'आबासाहेब-मान' काय आहे?" अपूर्वने स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं.

"बोट नको लावू. दाग पडतो," उषाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने स्क्रीन पुसली. त्या नावावरून पदर जरा जास्तच वेळ फिरला. पुसून निघालं असतं तर त्यांना हवंच होतं.

"नाही, पण आहे काय? यूजर आहे, ग्रुप आहे की फाइल आहे?"

"आहे काहीतरी. तू पुढचं बघ."

"पुढचं बघून झालं. ताई, पूर्ण लिस्टमध्ये मला हे एकच समजत नाही."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अन्नपूर्णा धर्मार्थ रुग्णालयात जिन्याखाली एक खोली आहे. बाहेर 'सांख्यिकी कक्ष' अशी पाटी आहे आणि आत दोन माणसं बसली की तिसऱ्याला उभं राहावं लागतं. रुग्णालयाची सगळी खबरबात, म्हणजे कोण दाखल झालं, कोण घरी गेलं, कुठली खाट रिकामी, कुठलं औषध संपलं, कोण कामावर आलं, हे सारं एका डेटाबेसमध्ये साठतं. तो डेटाबेस कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. रोज पहाटे सहा वाजता त्यातली माहिती चार-पाच शीटांमध्ये उतरते आणि ती शीटं लोक आपापल्या फोनवर उघडतात. कुठलं शीट कुणाला उघडेल, कुणी नुसतं बघायचं आणि कुणी त्यात लिहायचं, हे ठरवायचं काम उषाताईंचं. दफ्तरदार हे आडनाव त्यांना लग्नात मिळालं आणि पुढे नोकरीने ते खरं करून दाखवलं. हे परमिशनचं काम पहिल्यांदा आलं तेव्हा कुणालाच नको होतं, म्हणून ते टायपिस्ट बाईंच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडल्यावर मात्र ते सगळ्यांना हवंसं वाटू लागलं.

महिनाअखेरीला उषाताई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी अपूर्व आला होता. मुलगा हुशार होता, बी.टेक. होता आणि निम्मं वाक्य मराठीत बोलून उरलेलं हिंदीत सोडून द्यायचा. त्याच सुमारास ऑडिटवाल्यांनी एक पत्र पाठवलं होतं. ज्याला कामासाठी लागेल त्यालाच परवानगी ठेवा, बाकीच्यांची काढून टाका, असं त्यात होतं. म्हणून दोघं यादी तपासत बसले होते.

"बरं, ऐक," उषाताई शेवटी म्हणाल्या. "पण आधी दार लाव."

दार लावलं की खोलीत पंख्याचा वारासुद्धा फिरत नसे. तरी अपूर्वने ते लावलं.

गोष्ट सुरू झाली होती दौलतसिंहपासून. दौलतसिंह हा कँटीनचा ठेकेदार. कुठल्या रुग्णाला काय जेवण द्यायचं याचं एक शीट असतं. त्या काळी ज्याने मागितलं त्याला उषाताईंनी लिहिण्याची परवानगी देऊन टाकली होती, कारण नाही म्हणायला त्यांना जड जायचं. एका सकाळी दौलतसिंहला वाटलं, नावं क्रमवार असली तर थाळ्या लावायला सोपं पडेल. त्याने नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावून टाकला. फक्त नावांचाच. जेवणाचा रकाना बिचारा होता तिथेच राहिला.

त्या दिवशी पाय मोडून पडलेल्या, पोलिसातल्या एका दरोग्याला हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मिळाले. त्याने ते मन लावून खाल्ले आणि रोज मिळतील का म्हणून विचारलं. मधुमेहाचे एक सरपंच आठवडाभर जेवणाला नावं ठेवत होते, त्यांच्यापुढे तुपाचा शिरा आला. पहिला घास तोंडात जाण्याआधी हेड नर्स निधी मॅडमनी ताटली ओढली, तेव्हा सरपंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि बाळंतपणाच्या वॉर्डात काविळीच्या रुग्णाचा बिनमिठाचा उकडलेला दुधी गेला. तिथल्या एका सासूबाईंनी तो वाडगा हातात घेऊन थेट अधीक्षकांचं ऑफिस गाठलं. "बहू को लड़का हुआ है, पीलिया नहीं हुआ है," हे वाक्य त्यांनी अख्ख्या मजल्याला ऐकवलं.

दुपारपर्यंत उषाताईंनी सगळ्यांची लिहिण्याची परवानगी काढून घेतली. काम त्या एका क्षणात झालं, पण त्यातून जे सुरू झालं ते वर्षभर पुरलं. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत कोण कुठे बसलं आणि कुणाला आधी विडा दिला यावरून पिढ्यांचे अबोले आहेत. आता दरबार नाही, बैठक नाही. मग मान जाऊन बसला 'एडिट'मध्ये. ज्यांनी आयुष्यात शीट उघडलं नव्हतं तेही येऊन विचारू लागले, "मला नुसतं बघायचंच ठेवलं का?" कुणी लाडू आणले, कुणी ओळख सांगितली. उषाताईंना पहिल्यांदाच नाही म्हणायची चटक लागली होती. त्या सगळ्यांना नाही म्हणत गेल्या.

मग आले कान्होजीराव ढमढेरे. आबासाहेब. त्यांच्या आजोबांनी रुग्णालयाला जमीन दिली होती, म्हणून ते आजीव विश्वस्त. त्यांच्याकडे काम काहीच नव्हतं, पण दर मंगळवारी तपकिरी कोट आणि काळी टोपी घालून ते सगळ्या वॉर्डांतून फिरायचे आणि सगळ्यांची विचारपूस करायचे. ते जिन्याखालच्या खोलीत आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि बसले.

"उषाताई, मला फक्त बघायचं आहे असं ऐकतो."

"सगळ्यांनाच तसं केलं आहे, आबासाहेब."

"बघायला जत्रा-मेला असतो. हॉस्पिटल काय बघायची चीज आहे? ते चालवावं लागतं." एवढंच बोलून ते उठायला लागले. चिडले असते तर उषाताईंनी त्यांनाही नाही म्हटलं असतं. पण त्यांचा हात काठी शोधत होता आणि काठी कोपऱ्यात होती.

"आपल्याला एडिट देते," उषाताई म्हणाल्या.

त्यांनी दिलंही. फक्त खऱ्या शीटचं दिलं नाही. रोज पहाटे शीट तयार झालं की त्याची एक प्रत वेगळी निघेल, ती फक्त आबासाहेबांना उघडेल आणि तिच्यात त्यांना काय वाटेल ते लिहिता येईल, अशी सोय केली. डेटाबेसशी त्या प्रतीचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे नवी प्रत येई आणि जुनीवरचं सगळं पुसलं जाई. तिचं नाव ठेवलं 'आबासाहेब-मान'. राग शांत होईपर्यंत, आठ-दहा दिवस, असं त्यांच्या मनात होतं.

"और?" अपूर्वला घाम फुटला होता, पण त्याने दार उघडलं नाही.

"और काय. दुसऱ्याच दिवशी फोन आला. उषाताई, माझी दुरुस्ती गायब झाली! माझ्या तोंडून निघून गेलं, गायब नाही आबासाहेब, मंजूर होऊन आत गेली. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे दफ्तरी दाखल. मी म्हटलं, हो."

अपूर्व एवढा हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, पण इतकी वर्षं त्यांना शक कसा नाही आला?"

त्याचं उत्तर उषाताईंनी दिलं नाही, कारण ते सांगायला त्यांना लाज वाटत होती. आबासाहेब रोज सकाळी जे लिहीत ते उषाताई दुपारपर्यंत वाचत. 'वॉर्ड दोन, चौथी खाट, पंखा रडतो' असं आबासाहेबांनी लिहिलं की उषाताई वायरमनला गाठत. 'बाळंतिणींच्या मोरीला कडी नाही' म्हटलं की कडी बसे. मंगळवारी फेरीला आलेले आबासाहेब पंखा गप्प झालेला बघत, कडी लावून बघत, आणि म्हणत, "कंप्यूटर मोठी चीज आहे."

काही दुरुस्त्या मात्र उषाताईंनाही जमण्यासारख्या नव्हत्या. शीट हिंदीत असे आणि आबासाहेब हट्टाने मराठीत लिहीत. 'मृत्यु' असेल तिथे ते 'गेले' लिहायचे. कामावर न आलेल्या माणसापुढे 'अनुपस्थित' असेल तिथे 'रजेवर' लिहायचे. रोज लिहायचे, आणि ते रोज पहाटे पुसलं जायचं.

"ताई, मजा आली, पण हे तर काढावं लागेल," अपूर्व म्हणाला. "ऑडिटवाला पहिलं हेच विचारणार. आबासाहेबांचा रोल काय?"

"आजीव विश्वस्त."

"ते पद झालं. रोल काय? काम काय करतात?"

तू आधी डॉक्टरसाहेबांना विचार, असं म्हणून उषाताई उठल्या, आणि मग एकट्याला पाठवायला नको म्हणून स्वतःही त्याच्याबरोबर गेल्या.

अधीक्षक डॉ. दिग्विजयसिंह यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते टेबलावर हात आपटून हसले.

"मतलब इतने साल से आबासाहब हवा में हॉस्पिटल चला रहे हैं?"

"जी सर."

हसता हसता डॉक्टर मधेच थांबले. "मेरा वाला तो असली है न?"

"आपका बिलकुल असली है, सर," उषाताई म्हणाल्या. अपूर्वला जोराचा खोकला आला. डॉक्टरांनीही त्याच आठवड्यात एडिट मागितलं होतं आणि त्यांनाही तशीच एक प्रत मिळाली होती. पण त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी पुढे खोटं बोलायची वेळच आली नव्हती.

"फिर भी, ऑडिट तो ऑडिट है," डॉक्टर म्हणाले. "फाइल हटा दीजिए. और उन्हें आप ही जाकर बता दीजिए, ताई जी. हम बताएँगे तो बुरा मान जाएँगे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उषाताई टेंपोत बसून किला गेटला आबासाहेबांच्या घरी गेल्या. सांगायचं वाक्य त्यांनी घरीच तयार करून ठेवलं होतं. 'आबासाहेब, ती फाइल नुसती आपल्या मानासाठी होती, आता नवीन नियमामुळे ती बंद होते आहे.' टेंपोत त्यातला 'नुसती' त्यांनी काढून टाकला. लिफ्टमध्ये 'मानासाठी'ही काढावा की काय, असं वाटायला लागलं.

दार सुनेने, प्रांजलीने उघडलं. "या ना ताई. बाबा ऑफिसात आहेत."

"ऑफिसात?"

प्रांजलीने गॅलरीकडे मान वळवली. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत एक टेबल होतं. टेबलावर टॅब उभा केलेला होता आणि समोर आबासाहेब बसले होते. वर तपकिरी कोट, डोक्यावर काळी टोपी. टेबलाखाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा.

"आंघोळ, पूजा, मग कोट," प्रांजली हळूच म्हणाली. "कोट घातल्याशिवाय शीट उघडत नाहीत. मे महिन्यात पण नाही. मी आधी हसायची, ताई. पण आई गेल्या तेव्हा बाबांनी बोलणंच सोडून दिलं होतं. दिवसदिवस खिडकीत बसून राहायचे. आता सकाळी दोन तास तरी त्या शीटशी बोलतात."

"कोण, उषाताई? बसा, बसा. हे एवढं करून घेतो," आबासाहेब आतून म्हणाले.

त्यांचं बोट हळूहळू अक्षरांवर फिरत होतं. चुकीचं अक्षर लागलं की ते "अहं" म्हणत आणि पुसून पुन्हा शोधत. एक शब्द लिहायला त्यांना एवढा वेळ लागला की प्रांजली चहा करून घेऊन आली.

"चौकीदाराला अनुपस्थित लिहिला आहे. त्याच्या मुलीचं लग्न आहे, मला स्वतः सांगत होता. अनुपस्थित काय? माणूस येत नाही म्हणजे मेला का? कुठे काही काम असेल त्याला. रजेवर लिहून टाकलं." त्यांनी चष्मा काढला. "बोला. मला ठाऊक आहे तुम्ही का आलात."

उषाताई तयार केलेलं वाक्य विसरल्या. "ठाऊक आहे?"

"तुम्ही रिटायर होत आहात. मी पण तोच विचार करत होतो. माझी दुरुस्ती मंजूर करून आत घ्यायचं काम तुम्हीच बघत होता ना?"

"नाही, म्हणजे..." उषाताई म्हणाल्या. "ते आपोआप होतं."

"आपोआप?"

"हो. सिस्टिमच आहे तशी."

आबासाहेबांनी खुर्चीला पाठ टेकली. "मग काही बात नाही. मी परेशान होतो. मला वाटलं, तुम्ही चालल्या गेलात की माझं लिहिलेलं असंच पडून राहील. चहा पिऊन घ्या, थंडा होतो."

उषाताईंनी चहा घाईने प्यायला आणि जीभ पोळून घेतली.

परतताना टेंपोत त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. इतकी वर्षं त्या या गोष्टीला आपली हुशारी समजत होत्या. म्हातारा माणूस कोट घालून बसतो, एकेक अक्षर हुडकतो, आणि आपण त्याला पाटीवर रेघोट्या ओढायला दिल्या. नुसत्या पंख्या-कड्यांनी त्याची भरपाई होत नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. नई सडकवर टेंपो अडकला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि शेजारची बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "धूल है," उषाताई तिला म्हणाल्या.

"सांगितलं?" अपूर्वने विचारलं.

"सांगितलं."

"काय बोलले?"

"मी सांगितलं की त्यांचं लिहिलेलं आपोआप आत जातं."

"ताई!"

"तर आता ते आपोआप गेलं पाहिजे. तू बी.टेक. आहेस ना?"

अपूर्वने डोक्याला हात लावला. खऱ्या शीटचं एडिट आबासाहेबांना दिलं तर काय होईल, हे त्याने समजावून सांगितलं. एक दिन सत्तर खाटा लिहून देतील, ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन येईल, आणि सत्तरावी खाट कुठे आहे? मेलेल्या माणसापुढे 'गेले' लिहितील आणि बिलवाले त्याच्या घरी फोन करतील की बिना बताए कैसे चले गए. उषाताई सगळं ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष ऑडिटवाल्यांच्या पत्राकडे होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि पत्र डोळ्यांजवळ धरलं.

"हे काय आहे रे? 'टिप्पणी' का कॉलम सभी रिपोर्टों में रिक्त पाया गया, कारण स्पष्ट करें."

"हां, ती आपत्ती आहे एक, ऑब्जेक्शन. डेटाबेसमध्ये प्रत्येक ठिकाणी टिप्पणीचा रकाना आहे. कोणीच कधी भरला नाही."

उषाताईंनी पत्र टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट टेकवलं.

"फक्त तोच एक रकाना," उषाताई म्हणाल्या. "आकड्यांना हात लागणार नाही. खाटा सत्तर होणार नाहीत. पण जे लिहितील ते खरंच आत जाईल. कारण पण स्पष्ट होईल तुझं."

अपूर्वने आधी नाही म्हटलं, मग होऊ शकतं म्हटलं, आणि मग खुर्ची पुढे ओढली. करायला घेतल्यावर त्याला ते आवडायलाच लागलं. मधे एकदा तो थांबला. "रोलचं नाव टाकावं लागेल, ताई."

उषाताईंनी विचार केला. "शेरेनवीस."

"हे काय असतं?"

"काही नसतं. ऐकायला जुनं वाटतं. ऑडिटवाल्याने विचारलं तर सांग, खानदानी पद आहे. ग्वाल्हेरात मग कोणी जास्त विचारत नाही. आणि एक. त्या रकान्यात दुसऱ्या कोणी लिहायचं नाही आणि पुसायचं पण नाही."

"ॲडमिनने पण नाही?"

"ॲडमिनने पण नाही."

'आबासाहेब-मान' त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं. डॉक्टरांचीही प्रत काढली. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग आबासाहेबांना फोन लावला.

"आबासाहेब, आपली बढती झाली. आकड्यांची मगजमारी आता खालचे लोक करतील. आपण फक्त शेरा द्यायचा. त्याचा वेगळा रकाना केला आहे."

"आणि सकाळी मंजूर होऊन आत जाणार?"

"नाही. आता आत आणि बाहेर एकच. आपण लिहिलं की तसंच राहणार. सगळ्यांना दिसणार."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, आबासाहेब."

"मग सांभाळून लिहिलं पाहिजे," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढचे दोन-तीन दिवस त्यांनी काहीच लिहिलं नाही. रकाना रिकामाच राहिला. अपूर्व रोज बघायचा आणि उषाताईंना डोळ्यांनीच खूण करायचा. ते इतकं सांभाळून लिहितील असं उषाताईंना वाटलं नव्हतं. खरी परवानगी देऊन आपण त्यांचं लिहिणंच बंद पाडलं की काय, अशी धास्ती त्यांनी घेतली.

निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, समोसे झाले. डॉक्टरांनी भाषणात उषाताईंना या रुग्णालयाचं खरं सॉफ्टवेअर म्हटलं आणि स्वतःच टाळ्या सुरू केल्या. निधी मॅडम रडल्या. दौलतसिंह समोशांचा ट्रे घेऊन जवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "ताई जी, अब तो जाते-जाते एडिट दे जाइए." आबासाहेब आले नाहीत. प्रांजलीचा फोन आला होता, निरोप वगैरे बाबांना झेपत नाही म्हणून. तरी भाषणं चालू असताना उषाताईंनी दोन-चारदा दाराकडे बघितलं.

सगळे पांगल्यावर त्या जिन्याखालच्या खोलीत गेल्या. एक काम राहिलं होतं. यादीतलं त्यांचं स्वतःचं नाव.

"मी करून देतो, ताई. आपण आराम करा."

"नको. सरक."

नोकरी सोडून गेलेल्यांची नावं त्यांनी काढली होती, वारलेल्यांचीही काढली होती. त्यात त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. स्वतःच्या नावापुढच्या फुलीवर त्यांनी क्लिक केलं तेव्हा मशीनने विचारलं, आपण स्वतःला काढत आहात, यानंतर आपल्याला प्रवेश मिळणार नाही, नक्की? इतक्या आपुलकीने त्या दिवसात दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी 'हो' दाबलं, पर्स घेतली आणि सवयीने पंखा बंद केला. खोलीत अपूर्व बसला होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा घेताना त्यांनी फोन हातात घेतला आणि बोट आपोआप शीटवर गेलं. पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. 'आपल्याला हे बघण्याची परवानगी नाही.' आणि खाली, 'परवानगी मागा.' ज्याने त्याने हेच बटन दाबून उषाताईंचं डोकं खाल्लं होतं, पण दाबणाऱ्याला ते कसं दिसतं हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. काही विचार न करता त्यांनी ते दाबलं, आणि दाबल्याबरोबर जीभ चावली.

थोड्या वेळाने अपूर्वचा फोन आला.

"ताई, आपली रिक्वेस्ट आली आहे."

"चुकून दबली रे."

"मी काय करू? देऊन देऊ? कोणाला कळणार नाही."

"माझा रोल काय?" उषाताईंनी विचारलं.

"आता काही नाही, ताई."

"मग नामंजूर कर. एवढ्या दिवसांत हेच शिकवलं का तुला?"

"करतो. पण ताई, फोन नका ठेवू. आबासाहेबांनी आज लिहिलं."

उषाताईंनी कप खाली ठेवला. "काय लिहिलं? पंखा?"

"नाही. स्टाफच्या शीटमध्ये. आपलं नाव अजून आहे त्याच्यात. पुढे 'सेवानिवृत्त' आहे. आणि टिप्पणीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे..." तो थांबला. "रजेवर."

उषाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पूर्ण डेटाबेसमधली पहिली टिप्पणी आहे, ताई. सगळ्यांच्या फोनवर दिसते आहे. निधी मॅडम विचारायला आल्या, ये रजेवर क्या होता है. मी सांगितलं, छुट्टी पर हैं. तर त्या बोलल्या, अच्छा, फिर कब आ रही हैं?"

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही. ताई, चुकीचं आहे ना हे? ऑडिटवाला पकडेल. पुसायला पाहिजे का?"

"त्या रकान्यात पुसायची परवानगी कोणाला आहे?"

"कोणालाच नाही. फक्त आबासाहेबांना."

"मग राहू दे," उषाताई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी गार झालेला चहा संपवला. पलीकडे त्यांचे यजमान, बळवंतराव, वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "सकाळी सकाळी कोणाचा फोन?"

"ऑफिसचा," उषाताई म्हणाल्या. त्यांनी पदराने फोनची काच पुसली. "माझी रजा मंजूर झाली."